डाव्या दाराचा दोष

शुक्रवार पेठेतल्या अभिमन्यूच्या निळ्या गाडीच्या डाव्या दारावर तांदळाच्या दाण्याएवढा ओरखडा आढळून आला. गाडी जुनी घेतलेली. ओरखडाही तिच्यासोबतच आला असावा. परंतु रविवारी सांगोल्याहून उत्कर्षाकडची मंडळी घर पाहायला येणार होती, त्यामुळे त्यास तातडीच्या बाबीचा दर्जा प्राप्त झाला.

उत्कर्षा त्याला बघण्याच्या कार्यक्रमात एकदाच भेटली होती. "इतकं कमी बोलता, शब्द जपून ठेवता का?" असे तिने विचारले होते. तेव्हापासून तो त्या प्रश्नाचे उत्तर मनात घोळवत होता, आणि ते तिलाच द्यावे असे त्याला फार वाटत होते.

गल्लीतल्या बाबींचा निर्णय शेजारचे रुद्रप्पाकाका देत. हेडक्लार्क म्हणून निवृत्त होताना त्यांनी खुर्ची कचेरीत ठेवली होती, शेरा मारण्याची सवय घरी आणली होती.

"पोरगी देणारा आधी गाडीचं दार बघतोय," ते म्हणाले. "गॅरेज कशाला? स्प्रेचा डबा आण, घरीच मार. प्रस्तावास तत्त्वतः मान्यता हाय."

अभिमन्यूने रंग मारला. रंगाला ओघळ आला.

काकांनी चष्मा लावला. "ओरखडा नैसर्गिक होता. ओघळ मानवनिर्मित हाय. आता जबाबदारी निश्चित होते."

ओघळ घालवण्यासाठी पाणी मारत पॉलिश पेपर घासला, तेव्हा तेवढा भाग निस्तेज झाला. समानतेच्या तत्त्वानुसार उरलेले दारही निस्तेज करण्यात आले. नवा रंग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत बसला, म्हणून तोही घासला. नळाचे पाणी थेट मंगळवारी येणार होते. न्हाणीतले पिंप मात्र शनिवारीच तळाला गेले.

"आरं, पाव्हण्यांनी हात-पाय काय थिनरनं धुवायचे?" आई विजयमालाबाईंनी विचारले.

"थोडं राखून ठेवलंय की, आई."

"व्हतं. आता दार चकाकतंय."

रविवारी सकाळी शेवटचा थर दिला आणि मंडळी वेळेआधी आली. बोळातून दुचाकी सुसाट आली, उत्कर्षा बाजूला सरली आणि तोल सावरायला तिने दारावर हात टेकला. ओल्या रंगात पाच बोटे उमटली.

तिने निळा तळवा पाहिला, मग त्याच्याकडे पाहिले आणि हसली. "आता गाडी माझी झाली की. हात कुठं धुऊ?"

"पाणी दारानं पिलं, बाई," विजयमालाबाई ओशाळून म्हणाल्या.

अभिमन्यूने थिनरमध्ये बुडवलेल्या चिंधीने तिचे एकेक बोट पुसले. पुसता पुसता बोलला, "जपून ठेवत नाही. सापडत नाहीत."

"मग शोधू," ती हळूच म्हणाली. "तोवर हा ठसा राहू द्या. पुसू नका."

मंडळी गेल्यावर काकांनी पाहणी केली. "साखरपुड्याला लोक येतील, विचारतील. दोष कायम ठेवायची तरतूद न्हाय."

ती राहू द्या म्हणाली आहे, एवढेच अभिमन्यूला सांगायचे होते. ते वाक्य ओठांपर्यंत आले आणि तिथेच प्रलंबित राहिले. त्याच्या मौनावर 'संमती' असा शेरा पडला. मंगळवारी पाणी आले. दार पुन्हा घासण्यात आले; करंगळीचा ठसा सर्वांत शेवटी गेला.

बुधवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. "आपलं दार दाखवा की."

त्याने फोन फिरवला. दारात समोरच्या घराचा सज्जा, विजेच्या तारा, आकाश, सारे लख्ख दिसत होते. ती त्यात पाच बोटे शोधत राहिली.

"छान झालंय," ती म्हणाली.

मुलाकडची गाडी फार चांगली आहे, असे सांगोल्याहून कळवण्यात आले. साखरपुड्याची तारीख मात्र कळवली नाही.

दार आजही निर्दोष आहे. येणारेजाणारे थांबतात, वाकून पाहतात, आत बसलेल्या अभिमन्यूला काच खाली करायला लावतात. तुम्हीही एकदा या. लग्नाचे पुढे काय झाले हे तुम्ही विचारणार नाही, याची त्याला खात्री आहे. रंगाचा शेड नंबर त्याने तुमच्यासाठी पाठ करून ठेवला आहे.