सूर्य पाठीशी, जावई खिडकीत

घरात कार्य असलं की माणसाने आपल्याला जमणारी कामं अंगावर घ्यावीत. मेंढी कापावी, सरपण फोडावं, पाहुण्यांच्या हातावर पाणी घालावं. नारीन या डोंगराळ गावच्या पाटबंधारे कचेरीतला कारकून तुर्दाकुन या तिन्ही कामांत वाकबगार होता. पण त्या दिवशी चहा पिता पिता त्याच्या तोंडून निघून गेलं, "स्टुडिओवाल्याला कशाला बोलवायचं? फोटो मी काढतो की!"

"तुम्ही?" बायको म्हणाली. (बावीस वर्षांच्या संसारात नुर्जात या एका शब्दात बरंच काही बसवायला शिकली होती.)

तिच्या शंकेला कारण होतं. तुर्दाकुनचा रेंजफाइंडर कॅमेरा त्याच्याहून वयाने मोठा. त्यात डोळा लावायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. त्यामुळे लेन्सने काय पाहिलं ते फोटो काढणाऱ्याला फिल्म धुतल्यावरच कळायचं. आणि लेन्सची खोड अशी, की समोरून जरा ऊन आलं की सगळा फोटो पांढराफटक. मधे दोन-तीन उजेडाची वर्तुळं, आणि कडेला कुठेतरी माणसं. थोरल्या मुलीच्या लग्नाचे फोटो पाहून लोक अजूनही विचारतात, "हे लग्न कुठल्या घाटात लावलंत?"

पण या वेळी गंमत नव्हती. सासूबाईंची, म्हणजे बुरुल्चा आपांची, थोरली बहीण पामीरातल्या मुर्गाबहून आली होती. एकेकाळी हा एकाच देशातला प्रवास होता. आता मधे सरहद्द, शिक्के, शिपाई. दोघी सात वर्षांनी भेटत होत्या. थोरली अठ्ठ्याहत्तरची, धाकटी चौऱ्याहत्तरची, आणि दोघींचा एकत्र असा एकही फोटो या जगात नव्हता. दोन दिवस राहून थोरल्या आपा परत निघणार होत्या, कारण पुढच्या आठवड्यात खिंडीत बर्फ पडलं असतं. पुन्हा भेट बहुधा होणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं आणि दोघीही ते बोलत नव्हत्या. सासूबाई फक्त म्हणाल्या, "भिंतीवर लावायला एक हवा. तिचं तोंड नीट दिसलं पाहिजे."

पहिल्या दिवशी सकाळी तुर्दाकुनने अख्खा रोल उडवला. दोघी अर्थातच तोरवर बसल्या होत्या. तोर म्हणजे दाराच्या समोरची, सगळ्यांत आतली मानाची जागा. आणि या तळमजल्यावरच्या घरात तोरच्या बरोबर मागे पूर्वेची भलीमोठी खिडकी. संध्याकाळी न्हाणीघरात फिल्म धुतली, तर छत्तीसच्या छत्तीस फोटोंत नुसता उजेड. एका फोटोत चहाची किटली तेवढी ओळखू येत होती.

"किटली छान आलीय," नुर्जात म्हणाली.

तुर्दाकुन तडक घड्याळजी विल्हेल्मकाकांकडे गेला. म्हाताऱ्याने लेन्स उजेडाकडे धरली, फुंकली, हुंगलीसुद्धा.

"या काचेवर लेप नाही, पोरा. ऊन आत शिरलं की या काचेवरून त्या काचेवर आपटत बसतं, बाहेर पडत नाही. बाजूचं ऊन असतं तर डब्याचं टोपडं करून दिलं असतं. समोरच्या सूर्याला टोपडं काय करणार?"

"मग?"

"सूर्य पाठीशी ठेव. त्यांना दाराकडे बसव, तू खिडकीकडे हो. लहान मुलालाही कळतं."

लहान मुलाला कळत असेल, पण विल्हेल्मकाकांना सासू नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तुर्दाकुनने हिंमत केली. थोरल्या आपा दहाला निघणार होत्या आणि कॅमेऱ्यात त्याने मागच्या एका रोलचं उरलेलं शेपूट भरलं होतं, जेमतेम तीन फोटोंचं.

"आपा," तो सासूबाईंना म्हणाला, "जरा दोघी... इकडे... दाराजवळ येऊन बसता का?"

नुर्जातच्या हातातला तळलेला बोरसोक कपात पडला.

"कुठे?" सासूबाईंनी विचारलं.

"दाराजवळ. म्हणजे फक्त फोटोपुरतं."

"सात वर्षांनी माझी बहीण घरी आली, डोंगर ओलांडून, आणि तिला जोड्यांपाशी बसवू? भिंतीवर तसा फोटो लावू? लोक म्हणतील, बुरुल्चाने बहिणीला उंबऱ्यावर चहा पाजला!"

"पण ऊन समोरून येतं, आपा. लेन्समध्ये शिरतं."

"मग उन्हाला सांग दाराजवळ बसायला!"

तुर्दाकुनचा चेहरा असा पडला की थोरल्या आपांना त्याची दया आली. त्या पामीरच्या. वाऱ्याशी आणि याकांशी भांडून तयार झालेलं डोकं.

"रडू नकोस रे जावया. तोर म्हणजे काय? दारासमोरची जागा. बरोबर?"

"बरोबर, आपा."

"सूर्य हलत नाही. आम्ही मान सोडणार नाही. मग दार हलव."

"दार?"

"आम्ही तंबू ठोकताना वारा पाहून दार फिरवतो. तुमच्या सिमेंटला ते जमत नसेल, पण तळमजल्यावर राहता ना? आजपासून या घरात माणसं खिडकीतून येतील. मग खिडकी झाली दार, आणि ती समोरची भिंत झाली तोर. बुरुल्चा, ऊठ, गाद्या तिकडे घे."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. रीत कुठेही मोडत नव्हती. त्या उठल्या.

गाद्या बंद दाराला टेकवून घातल्या गेल्या. दोघी ऐसपैस बसल्या. सकाळचं कोवळं ऊन थेट त्यांच्या चेहऱ्यांवर आलं आणि थोरल्या आपांच्या डोळ्यांचा हिरवट रंग तुर्दाकुनला पहिल्यांदाच दिसला. त्याने घाईघाईने कॅमेरा उचलला.

"थांब," थोरल्या आपा म्हणाल्या. "अजून खिडकीतून कोणी आलेलं नाही. कोणी आल्याशिवाय ती दार कशी? पहिला मान जावयाचा."

झालं! तुर्दाकुन बाहेर जाणार कसा? दाराला तर गाद्या आणि गाद्यांवर वडीलधारं माणूस. तो खिडकीतूनच बाहेर उतरला. उतरणं सोपं असतं. मग कॅमेरा गळ्यात आणि डोक्यावर उंच पांढरा कल्पाक (सासूसमोर बोडक्याने कोण येईल?) अशा थाटात तो पुन्हा चढू लागला. खिडकीचं एकच दार उघडत होतं, दुसरं कुठल्याशा पंचवार्षिक योजनेत रंगाने चिकटलेलं. खांदे आत गेले. छाती गेली. पोट मात्र चौकटीत घट्ट बसलं.

"किल्ली हरवली का, तुर्दाकुन?" मागून शेजारणीने विचारलं.

"नाही, पाहुणा आलोय!" तो कण्हत म्हणाला.

"ओढू का?" नुर्जात आतून.

"नको! साडेनऊ वाजले. इथूनच काढतो. सूर्य पाठीशी आहे ना?"

सूर्य पाठीशी होताच, शिवाय पाठीखालचा जो ऐवज बाहेर राहिला होता त्यालाही छान शेकत होता. तुर्दाकुनने कोपरं टेकली आणि डोळा लावला. त्या इवल्याशा पिवळ्या चौकोनात थोरल्या आपांची दोन नाकं दिसत होती. दोन नाकांचं एक नाक झालं की फोटो सुस्पष्ट. तो चक्र फिरवू लागला. नाकं जवळ आली, लांब गेली, पुन्हा जवळ आली. त्या क्षणी त्याला जगात दुसरं काही दिसत नव्हतं.

"अहो," नुर्जात म्हणाली, "ती सा..."

"बोलू नकोस! कोणी बोलू नका! हलू नका!"

"अहो पण..."

"नुर्जात! बावीस वर्षांत एकदा तरी मला माझं काम करू दे!"

नुर्जातने हाताची घडी घातली. तीन फोटो झाले. तिसऱ्याला थोरल्या आपांनी धाकटीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी लहान मुलींसारख्या फिसकन हसल्या.

नुर्जातने ओढून त्याला आत घेतलं, आणि थोरल्या आपांची गाडी दहाला गेली. ती वळणाआड होईपर्यंत सासूबाई रस्त्यावर उभ्या होत्या, आणि नंतरही बराच वेळ. तुर्दाकुन त्यांच्या बाजूला उभा राहिला. चौकटीत अडकलेलं पोट अजून दुखत होतं.

दुपारी त्याने फिल्म धुतली आणि न्हाणीघरातून आनंदाने ओरडलाच. पांढरं नाही! धूर नाही! दोन्ही बहिणींच्या भुवयांचे केस मोजून घ्यावेत इतका लख्ख फोटो. मग त्याने फोटो कागदावर छापले. तिन्ही फोटोंत दोघी बहिणींच्या मधोमध, गादीपासून भिंतीपर्यंत, एक काळीकुट्ट सावली बसली होती. गोल अंग, गोल डोकं, त्यावर टोकदार कल्पाक आणि दोन्ही बाजूंना कोपरं.

"तेच सांगत होते," नुर्जात म्हणाली.

तिसरा फोटो, तो हसतानाचा, तुर्दाकुनने मान खाली घालून सासूबाईंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला. बहिणीच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं, डोळ्यांवरून, हसऱ्या तोंडावरून. त्यांचे डोळे भरून आले. "आलीय," त्या म्हणाल्या. "नीट आलीय." मग बोट मधल्या काळोखावर येऊन थांबलं. त्यांनी तुर्दाकुनकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि खिळा-हातोडी मागवली.

आता तो फोटो भिंतीवर आहे. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "या दोघींच्या मधे कोण?"

"आमचा जावई," सासूबाई कौतुकाने सांगतात. "याचा इतका चांगला फोटो दुसरा कुठलाच नाही."