रोह्यासाठी काडतूस

“बंदूक कोनीबी चालवते हो! काडतूस निवडनं, हे खरं काम आहे!”

हे वाक्य रूपरावांचं. देवळी रोडवरच्या चहाच्या टपरीवर बसून ते हे रोज म्हणायचे, आणि ते ऐकल्याशिवाय गावातल्या कुणाला चहा गोड लागायचा नाही. हरणाला कोणतं काडतूस, रानडुकराला कोणतं, घोड्याएवढ्या रोह्याला कोणतं, सगळं त्यांना तोंडपाठ! बारीक छर्ऱ्यानं म्हणे रोह्याला नुसती खाज सुटते. एल.जी.मध्ये मोठमोठे छर्रे असतात, पण ते हरणापुरते ठीक. रोह्याला पाहिजे बॉल, म्हणजे एकच जाडजूड गोळी! एवढं ज्ञान बाळगणाऱ्या माणसानं जन्मात एकदाही बंदुकीचा घोडा ओढला नव्हता, ही बारीकशी गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला, मनकर्णाबाईंना ठाऊक होती.

बंदूक वडिलांची, बारा बोरची दुनळी. शिकारीवर बंदी आली, मागोमाग वडील गेले, आणि पीकसंरक्षणाचं लायसन तेवढं रूपरावांच्या नावावर झालं. तेव्हापासून ती वर्षातून एकदा, दसऱ्याला, खुंटीवरून खाली उतरायची. रूपराव तिला तेल पाजायचे, मनकर्णाबाई हळदकुंकू लावायच्या. शेजारी ताटात काडतुसं मांडायची, त्यांच्यावर अक्षता टाकायच्या, की झाली शस्त्रपूजा! काडतुसं जुनी, कागदी. कित्येक पावसाळे खाऊन फुगलेली, आणि वरची अक्षरं कधीच पुसून गेलेली. पण रूपराव म्हणायचे, “आपल्याले वाचा लागत नाई. कानाशी हलवलं का समजते!”

अठ्ठ्याहत्तर सालच्या मार्गशीर्षात त्यांच्या लेकीला, पमीला, आपल्या मुलासाठी पाहायला पुलगावचे वासुदेवराव आले. हे गृहस्थ दारूगोळ्याच्या डेपोत जन्मभर स्टोअर सांभाळून रिटायर झालेले. मुलगी त्यांना पसंत पडली. पमीला तर मुलगा इतका पसंत होता, की तिनं लाजबिज बाजूला ठेवून आईला सांगूनच टाकलं होतं, “आई, हेच घर पाह्यजो.” अडलं होतं ते रूपरावांपाशी! वासुदेवरावांची अटच तशी होती.

“आपल्याले हुंडा नको, मानपान नको,” ते मिशीवरून बोट फिरवत म्हणाले. “घरानं मर्दाचं पाह्यजे! डरपोक व्याही आपल्याले चालत नाई.”

“मंग बरोबर घरी आले तुमी!” रूपराव म्हणाले, आणि त्यांनी काडतुसांवरचं प्रवचन सुरू केलं. ते बॉलपर्यंत आले तसे वासुदेवराव कडाडले.

“रोही के लिए बॉल? किसने कहा? एल.जी.! अहो, लाखो गोळ्या माह्या हातातून गेल्या!”

त्या सगळ्या खिळे ठोकलेल्या पेट्यांमधून गेल्या होत्या, हे त्यांनी सांगितलं नाही.

“बॉल!”

“एल.जी.!”

सोयरीक मोडायच्या बेताला आली होती, तेवढ्यात शेजारचे बबनराव धोतर सावरत अंगणात शिरले.

“रूपराव, माह्या तुरीत रोही घुसला! चाला, बंदूक घ्या!”

“आत्ता?” रूपरावांचा चेहरा उतरला.

“मंग का मुहूर्त पाहू? लेकाचा तूर खाऊन राह्यला थो!”

वासुदेवराव टक लावून पाहत होते. आतल्या दारामागून पमीही पाहत होती. रूपरावांनी एकदा बायकोकडं पाहिलं. ही तरी अडवेल, अशी त्यांना फार आशा होती. पण मनकर्णाबाईंनी स्वतः खुंटीवरून बंदूक काढली, काडतुसांची पिशवी हातात दिली आणि शांतपणे म्हणाल्या, “जा न. काई होत नाई.”

तिघं शेताच्या बांधावर, धुऱ्यावर पोचले. रोही खरोखरच भला थोरला होता. पंगतीत पहिल्या वाढीला बसलेल्या पाहुण्यासारखा तो निवांत शेंगा ओरबाडत होता.

“मारा! नाईतर हवेत फायर करा, पन हाकला त्याले!” बबनराव म्हणाले.

“थांबा हो! आधी काडतूस निवडू द्या.” रूपरावांनी पिशवी उघडली. एक काडतूस कानाशी धरून हलवलं, मान हलवली, परत ठेवलं. दुसरं हलवलं. वासुदेवरावांनी ते ओढून घेतलं आणि आपल्या कानाशी हलवलं.

“ये तो छे नंबर का छर्रा है.”

“काऊन? चार नंबर आहे!”

“डेपोत मी होतो का तुमी?”

रोह्यानं तुरीचं एक तास, म्हणजे एक अख्खी ओळ, संपवून दुसरं धरलं.

“अहो, दुनळी आहे न!” बबनराव कळवळून म्हणाले. “एका नळीत याईचं टाका, एकीत त्याईचं!”

दोघांनीही त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं काही त्यांनी देवळात चपला घालून पाय टाकला. “तसं नसते करत!” दोघं एकदम म्हणाले. त्या दिवशीचं त्यांचं हे पहिलं एकमत!

आणखी एक तास संपलं. बबनराव कपाळावर हात मारून धुऱ्यावर बसले. शेवटी रूपरावांनी एक काडतूस कानाशी हलवलं आणि त्यांचे डोळे चमकले. “हलकं वाजून राह्यलं! म्हंजे दूर जाईन. हा बॉल!”

वासुदेवरावांनीही तेच हलवलं. “बिलकुल! आतमधी दाने वाजतात. एल.जी.च आहे!”

दोघांनी मिळून ते फुगलेलं काडतूस नळीत कोंबलं. आता पुढं निवडण्यासारखं काही उरलं नव्हतं. रूपरावांनी दस्ता खांद्याला लावला, कुलदैवताचं नाव घेतलं, दोन्ही डोळे गच्च मिटले आणि घोडा ओढला.

धडाम्!

रूपराव मातीत बसले. बंदुकीचं तोंड आभाळाकडं. वासुदेवराव तर कुठं दिसेचनात! धूर विरला तेव्हा सापडले. तुरीच्या तासात, पालथे, दोन्ही हात पुढं पसरलेले. आणि वरून टपटप, टपटप काहीतरी पडू लागलं. टोपीवर, मिशीवर, पाठीवर. पिवळं पिवळं!

बबनरावांनी एक दाणा उचलला, हुंगला. “हे त तांदूय होय! हयदीचे!”

रोही मान वर करून क्षणभर पाहत राहिला आणि पुन्हा खायला लागला.

“अन् तुमी काऊन झोपले, पाहुने?” बबनरावांनी विचारलं.

वासुदेवराव माती झटकत उठले. मर्दाच्या घराण्याचा प्रश्न होता! “झोपलो? कोन झोपलं? आभायातून अक्षता पडल्या न! देवाले साष्टांग नमस्कार घातला मी!”

“असं का! म्हंजे देवानंच अक्षता टाकल्या. मंग लगन पक्कं?”

वासुदेवरावांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पळवाट नव्हती. “पक्कं!” ते म्हणाले.

पोट भरल्यावर रोही आपल्या मर्जीनं निघून गेला. “आवाजानंच पयाला!” असं दुसऱ्या दिवशी टपरीवर रूपराव सांगत होते. बबनराव चहा फुंकत होते. त्यांच्या तुरीचा नुसता झाडू उरला होता.

घरी आल्या आल्या रूपरावांनी बायकोला गाठलं. “पमीची माय, काडतुसात तांदूय कोनं भरले?”

“म्या,” त्या म्हणाल्या. “रोही म्हंजे नीलगायच न? गाय ते गाय! पोरीचं लगन काढलं अन् घरात पाप घेऊ का? दसऱ्यालेच समदी काडतुसं उकलली, पूजेच्या अक्षता भरल्या, कनकेची खय लावून तोंडं बंद केली.” करंजीला मुरड घालण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, हे रूपरावांना तेव्हा आठवलं.

“अन् आतले छर्रे? गोया?”

“ठुले कुठंतरी डब्यात. सापडतीन.”

ते सापडले पमीच्या लग्नात. मांडव भरला होता, पमीचा चेहरा फुलला होता, अंतरपाट धरला होता. घाईगर्दीत कुणीतरी आतून अक्षतांचा डबा आणला आणि सगळ्यांनी मुठी भरून घेतल्या. बबनरावांनी जरा मोठी मूठ घेतली. शेवटचं “सावधान!” झालं आणि ती त्यांनी, सगळी तूर आठवून, पूर्ण ताकदीनं फेकली.

वासुदेवराव तेव्हा फेटा काढून टक्कल पुसत होते. टक्! त्यांनी डोकं धरलं. बँड थांबला. खाली पडलेलं काहीतरी त्यांनी वाकून उचललं, चिमटीत धरून उजेडात नेलं. भर मांडवात व्याह्याला मार! आता वरात परत जाते, या भीतीनं पमीनं आईचा हात घट्ट धरला.

वासुदेवराव वळले. टकलावर टेंगूळ आलं होतं, पण चेहरा असा उजळला होता, की मुलाच्या लग्नाचाही एवढा आनंद त्यांना झाला नसेल!

“पाहा, रूपरावजी!” ते ओरडले. “एल.जी.! मी त्याच दिवशी म्हनलं होतं!”

सगळा मांडव हसला. बँड पुन्हा सुरू झाला. रूपरावांनी मात्र दोन्ही हातांनी आपला फेटा डोक्यावर घट्ट दाबून धरला.

बॉल अजून पडायचा होता.