पाणी आहे मधे

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर दूध कोमट झालं का ते बघितलं.

हे काम माझ्याकडं होतं. साखरेच्या आजारानं आमच्या हिच्या बोटांतली जाण गेली होती. दूध कढत आहे की कोमट, तिला कळायचं नाही. म्हणून रोज संध्याकाळी जेवणं झाली की ती हाक मारायची, "अहो, बोट द्या." मी करंगळी धुऊन दुधात घालायची आणि सांगायचं, "झालंय." मग ती विरजण घालायची, डब्याला माझा जुना स्वेटर गुंडाळायची आणि ओव्हनमध्ये आतला दिवा लावून ठेवून द्यायची. साखर कारखान्यात फिटर म्हणून बत्तीस वर्षं काढली, शिक्षण चौथी, आणि अमेरिकेत येऊन नोकरी मिळाली ती ही. करंगळीची.

एवढं दही कशाला, असं कुणीही विचारेल. ते सांगतो.

आमचा मुलगा संजय इथला नागरिक झाला आणि त्यानं आम्हाला न्यू जर्सीला बोलावून घेतलं. हे नदीकाठचं गाव. नदी म्हणजे आपली कृष्णा नव्हे, मोठी, करड्या पाण्याची, थंडीत तिच्यातून बर्फाच्या लाद्या वाहतात. पलीकडं ते उंच शहर. सकाळी सात ते नऊ या वेळात अख्खं गाव बोटीनं आणि गाडीनं पलीकडं कामाला जातं. मागं उरतात म्हातारे, कुत्री आणि कुत्र्यांना फिरवणारी माणसं. संध्याकाळी सगळे परत येतात, लिफ्टमध्ये खाली बघत उभे राहतात, घरात जातात. शेजारी कोण राहतं, कुणाला माहीत नाही. व्हिसा संपला की माणूस बदलतो, दारावरचा नंबर तोच.

पहिल्याच सोमवारी संजय कामाला निघाला, तर कमलनं, म्हणजे आमच्या हिनं, त्याच्या तळहातावर दही ठेवलं. त्याला वाटलं, आई नवीन आलीय, पहिला दिवस आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा दही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आई, मी ऑफिसला चाललोय. परीक्षेला नाही."

"पाणी आहे मधे," ती म्हणाली.

हे तिचं ठरलेलं वाक्य. तिचं माहेर कृष्णेच्या पलीकडचं. पूल नव्हता, नाव होती. नावेत बसायचं तर तिची आई हातावर दही ठेवल्याशिवाय सोडायची नाही. आता मधे पाणी आलं की दही आलं, हे तिच्या डोक्यात पक्कं. मी म्हणालो, "अगं, ती नाव होती, ही बोट आहे. इंजिन आहे, रेडिओ आहे, शंभर माणसं बसतात."

"मग शंभर माणसं आहेत पाण्यावर," ती म्हणाली. झालं.

आठवडाभर तिनं फक्त संजयला दिलं. मग एक दिवस ती कडीचा डबा आणि चमचा घेऊन धक्क्यावरच आली. मी टिशूचा खोका धरून मागं. बोटीचा दोर बांधणारा एक धिप्पाड काळा माणूस होता, डेव्हिड. तो गेली वीस वर्षं दिवसातून तीस वेळा पाणी ओलांडत होता आणि त्याला कुणी कधी दही दिलं नव्हतं, हे कळल्यावर तिला रात्री जेवण गेलं नाही. तिनं त्याचं नाव देवीदास ठेवलं. पहिल्या दिवशी त्यानं डावा हात पुढं केला. तिनं फट्‌दिशी त्या हातावर चापट मारली. "उजवा!"

तो घाबरला. मग हसला. मग उजवा केला.

तिथून ते वाढत गेलं. टायवाले, लॅपटॉपवाले, दोन पुण्याची पोरं, एक चिनी बाई, तिच्याकडं लाल छत्री असायची. पुण्याची पोरं सोडली तर सगळ्यांना मराठीतला एकच शब्द येत होता. रांगेत नवा माणूस आला की जुने त्याला समजवायचे, "उजवा, उजवा." संजय मात्र लाजेनं मरायचा. बोटीत अगदी पुढं जाऊन पाठ करून बसायचा. संध्याकाळी घरी येऊन भांडायचा, "आई, लोक काय म्हणतील? इथं कुणाचं पोट बिघडलं तर केस करतात!"

"माझ्या दह्यानं पोट बिघडत नाही, सुधारतं," ती म्हणायची.

एकदा धक्क्याचा साहेब आला, हातात कागद. इथं खाण्याचे पदार्थ विकायला बंदी आहे, असं त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "विकते कुठं? देते." त्याला कळलं नाही. तिनं त्याचाही हात धरला, उलटा होता तो सुलटा केला आणि दही ठेवलं. तो बराच वेळ हाताकडं बघत उभा. मग चाटलं त्यानं. कागदात फुकट देण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं बहुतेक. परत कधी बोलला नाही.

दही मात्र तिचंच. दुकानातल्या डब्यातल्या दह्याला ती 'लापशी' म्हणायची. येताना तिनं माझा रुमाल दह्यात बुडवून, वाळवून, बॅगेत आणला होता. विमानतळावर माझ्या काळजाचं पाणी झालं होतं, तिला काही नाही. त्या रुमालाचं दही पाच वर्षं चालू होतं. म्हणून तिचा नियम, डबा कधी पुसून रिकामा करायचा नाही. "चमचाभर मागं ठेवायचंच." धक्क्यावर चमचाभर उरलं की दुकान बंद, पुढं साक्षात देव का उभा असेना. बर्फानं बोट कॅन्सल झाली की त्या दिवशी आमच्याकडं कढी.

मी सांगतो, मला हा सगळा वेडेपणा वाटायचा. तोंडावर म्हणायचो. मला कधी तिनं दही दिलं नाही, मी मागितलंही नाही. मी कुठं पलीकडं जात होतो?

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात एका दुपारी सगळीकडची लाइट गेली. पलीकडच्या शहराची, आमची, सगळी. फोन बंद, जमिनीखालच्या गाड्या बंद. ही साडेचारलाच धक्क्यावर जाऊन उभी राहिली, पाण्याची बाटली घेऊन. बोटी येत होत्या, माणसं नुसती कोंबलेली. साडेसहाला संजय उतरला, घामानं भिजलेला. मी म्हणालो, चल आता घरी. ही हलेना.

संजय म्हणाला, "आई, मी आलो ना!"

"तू आलास रे. छत्रीवाली नाही आली अजून."

"ती येईल की. तिचं तिचं घर आहे."

"तिला पण सकाळी मीच दही दिलंय," ती म्हणाली. "आता तिला बघितल्याशिवाय मला कसं जाता येईल?"

सकाळी दिलेल्या सतरा जणांचे चेहरे तिच्या डोक्यात होते. एकेक मोजत होती. सूर्य बुडायच्या वेळेला ती चिनी बाई आली, चपला हातात घेऊन, अनवाणी. हिनं तिला बाटली दिली आणि पाठीवर एक धपाटा घातला, उशीर केला म्हणून. ती बाई तिथंच हिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. संजय टिशूचा खोका शोधायला लागला, पण तो घरी राहिला होता. त्या दिवसानंतर तो बोटीत पुढं जाऊन बसला नाही. रांगेत उभा राहायचा.

तर परवाची गोष्ट. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, पलीकडच्या शहरात. दुधात बोट घातलं, "झालंय" म्हणालो. तिनं विरजण घातलं आणि म्हणाली, "उद्या पहिला चमचा तुमच्या हातावर."

"मला नको तुझं दही," मी म्हणालो. "मोतीबिंदू काढायला चाललोय, लढाईला नाही."

"पाणी आहे मधे."

"मी घेणार नाही."

"बघू उद्या," ती म्हणाली आणि ओव्हनचं दार लावलं.

सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. ते सगळं झालं, तिला घेऊन गेले, कागदांवर सह्या झाल्या. दहन शनिवारी ठरलं. माणसं आली, माणसं गेली. सून मेधा दिवसभर फोनवर होती. ओव्हनमधला डबा कुणाच्या ध्यानात आला नाही. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला सवयीनं साडेपाचला जाग आली आणि डबा आठवला. दिवा अजून चालू होता. दही चांगलं लागलं होतं, पण आंबट ढाण झालेलं. मी त्यात साखर घातली नाही, साखर घालून तिचं विरजण बिघडलं असतं. साखरेचा डबा वेगळा घेतला.

मेधा बाहेर आली. "बाबा, कुठं निघालात? सुतक आहे. सुतकात कुणाला काही द्यायचं नसतं."

"सुतक मला आहे," मी म्हणालो. "त्यांना पाण्यावरून जायचंय."

 संजय आतून आला. टिशूचा खोका त्यानं उचलला.

धक्क्यावर देवीदास होता. आदल्या दिवशी आम्ही आलो नाही म्हणून तो वाट बघत असावा. संजयनं त्याला इंग्रजीत सांगितलं. त्यानं टोपी काढली. मग उजवा हात पुढं केला. मी दही ठेवलं, वर साखर. थोडं सांडलं. त्याच्यामागं रांग लागली. एका माणसानंही डावा हात पुढं केला नाही. संजयनंही घेतलं. बोट पाच मिनिटं उशिरा सुटली. ती कधी उशिरा सुटत नाही.

दोर सोडायच्या आधी देवीदासनं डब्यात डोकावलं. चमचाभर उरलं होतं. त्यानं माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाला, "उजवा."

मी नको म्हणून मान हलवली. डब्याला झाकण लावलं.

घरी येऊन दूध तापवलं, निवत ठेवलं. सकाळी कुणी विरजण लावत नाही. करंगळी धुतली, दुधात घातली.

"झालंय," मी म्हणालो.

आणि माझ्या वाटचं दही दुधात घातलं.