अँब्रोज ऑरमरॉडची जागा

"अजून जवळ ने," चाकांच्या खुर्चीतून विनिफ्रेड म्हातारी म्हणाली. "शेजारी कोण आहे ते बघू दे. कायमचं राहायचंय मला."

लायनेलने खुर्ची ढकलली. डॉक्टरांनी आईला नाताळपर्यंतची मुदत दिली होती आणि तिची एकच इच्छा उरली होती : हॉलिनशॉच्या जुन्या चर्चच्या आवारात पुरलं जाणं. आवार कधीच भरलं होतं. घराण्याचं थडगं तिथे असेल आणि त्यात जागा असेल, तरच परवानगी मिळे. नवऱ्याचा काही उपयोग नव्हता. त्याच्या हट्टापायी त्याची राख फुटबॉलच्या मैदानावर, गोलच्या तोंडाशी पसरली होती.

पण मुलगा होता ना! निवृत्त झाल्यापासून लायनेल गारसाइड जुन्या नोंदी उपसत होता. दुसऱ्याच्या वंशावळीतली चूक त्याला सहन होत नसे. शेजारच्या बाईंचे आजोबा मुळात त्यांचे आजोबाच नव्हते, हे त्याने त्याच आजोबांना पुरून आल्यावर, चहा पिताना जाहीर केलं होतं. आईचे खापरपणजोबा अँब्रोज ऑरमरॉड त्याने बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून हुडकले, आवारातला त्यांच्या नावाचा दगड दाखवला आणि पाद्रीबाई हेब्डन यांनी परवानगीवर सही केली.

"दगड खाली रुतलाय," म्हातारीने काठीने गवत बाजूला केलं. "काहीतरी लिहिलंय बघ."

लायनेल गुडघ्यांवर बसला. माती खरवडता खरवडता त्याचा चेहरा पडला.

"वाच की!"

"वय... वर्षं दोन."

"दोन? आणि याला सात पोरं? भलताच कर्तबगार की रे!"

"या नावाचे दोघे भाऊ होते, आई. त्या काळी मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायचे. मी थोरल्याचा बाप्तिस्मा धरला. तो मेला का, ते बघितलंच नाही."

"मग आपला कुठाय?"

"धाकटा... गरीबखान्याच्या नोंदीत एक अँब्रोज होता, मी परका समजून सोडला. तोच तो, तिथेच मेला. तिथल्या सामाईक खड्ड्यात. आता त्यावर सुपरमार्केट आहे."

"अगंबाई! म्हणजे दर शुक्रवारी बटाटे घ्यायला मी त्याच्याच डोक्यावरून जात होते!"

लांब फाटकापाशी पाद्रीबाई थर्मासमधून चहा ओतत होत्या. लायनेल उठला. "त्यांना सांगायला हवं. या पोराला वंशच नाही. आपला त्याच्यावर हक्क नाही."

"सांग, सांग. आणि मला टाक बायपासच्या कडेला, नव्या दफनभूमीत. ट्रक मोजत पडते." मग तिचा आवाज उतरला. "नाव परत ठेवायचे म्हणालास ना? मीही ठेवलं."

"म्हणजे?"

"तुझ्या आधी एक लायनेल होता. तीन दिवसांचा. नर्सने उचलून नेला, परत दाखवलाही नाही. तुझ्या बापाने विचारलं, तर म्हणाले, कुणा परक्याच्या शवपेटीत ठेवून पुरलाय. याच आवारात. कुठे, ते नाही सांगितलं."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? दोनशे वर्षांची मढी उकरलीस मेल्या, माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाहीस." तिने दगडावर हात ठेवला. "माझा कुणाजवळ झोपलाय, ठाऊक नाही. हा एकटाच आहे. ठेव मला याच्यापाशी. आणि तोंड बंद ठेव, आयुष्यात एकदा तरी."

नाताळच्या आधीच म्हातारी गेली. पाद्रीबाई पेटीपाशी उभ्या राहून गहिवरल्या : "आज विनिफ्रेड आपल्या आदरणीय खापरपणजोबांच्या कुशीत विसावल्या." सगळे नातेवाईक लायनेलकडे बघू लागले. त्याने आजवर एकही चुकीचं नातं सोडलं नव्हतं. त्याने घसा खाकरला आणि "आमेन" म्हणाला.

घरी येऊन त्याने अंगातला काळा कोटही न काढता संगणक उघडला आणि वंशावळीत आईच्या नावाखाली, आपल्या आधी, एक नाव भरलं : लायनेल गारसाइड.

पडद्यावर लाल अक्षरं उमटली : हे नाव दोनदा आलं आहे. चूक असावी. एक काढून टाकायचं?

लायनेलने 'नाही' दाबलं. संगणकाने पुन्हा विचारलं.

"नाही म्हटलं ना!" तो ओरडला, आणि दिवसभरात पहिल्यांदा त्याला रडू फुटलं.