मूठ कोणाची?

देवळीच्या किसनराव मास्तरांचा समप्रमाणावर देवापेक्षा जास्त विश्वास होता. पंचाहत्तर साली मुलीच्या, नलूच्या, साखरपुड्याची वांग्याची भाजीसुद्धा त्यांनी स्वतःच्या ताब्यात घेतली. वडनेरचे व्याही नानाजी म्हणजे जहाल माणूस. भाजी बिघडली म्हणून एक सोयरीक त्यांनी भरल्या ताटावरून मोडली होती. त्यामुळे मास्तरांना चूक परवडणार नव्हती.

"मले अंदाजानं करू द्या न," मास्तरांच्या पत्नी विमलाबाई म्हणाल्या.

"अंदाज म्हणजे आळशाचं गणित. सहा माणसांले तू एक मूठ तिखट टाकतं. यादीत साठ नावं. दहा मुठी. झालं."

विमलाबाई वरणभाताकडे वळल्या. त्यांनी काढलेला तांदळाचा भलामोठा ढीग पाहून मास्तरांना हसू आवरेना. बायकांना गणित शिकवायलाच हवं, असं ते शेजाऱ्यालाही सांगून आले.

भाजी ढवळायला जिनिंग कारखान्यातले हमाल नत्थूजी होते. कापसाच्या गाठी उचलून त्यांचा पंजा फावड्याएवढा झालेला. त्यांनी इमानेइतबारे दहा मुठी मोजून टाकल्या. मास्तरांनी चव घेतली आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. नत्थूजींची एक मूठ म्हणजे विमलाबाईंच्या अडीच मुठी, हे त्यांना डोळे पुसताना उमगलं.

पण मास्तर हार मानणारे नव्हते. तिखट अडीचपट, तर वांगीही अडीचपट. दहा किलोची पंचवीस केली पाहिजेत. मास्तर धोतर खोचून वाडी वाडी फिरले, पंधरा किलो वांगी आणली, शेजारून स्वयंपाकाचे दोन मोठे गंज मागून आणले. दुपारी भाजीला चव आली, पण ती झाली दीडशे माणसांची. एवढी उरलेली भाजी पाहून नानाजी काय म्हणतील, या धास्तीनं मास्तर गंजांभोवती फेऱ्या घालू लागले.

तेवढ्यात पंगतीला माणसं येऊ लागली. म्हातारेकोतारे, कडेवरची पोरं, सगळा गोतावळा. साठ जण कधीच बसून झाले, तरी दारात रांग होतीच.

"इतके लोक काऊन येऊन राह्यले?" मास्तर पुटपुटले.

"साठातली वीस नावं अख्ख्या घरांची होती. त्यांले आवतन चूलबंद दिलं म्या," विमलाबाई शांतपणे म्हणाल्या. "ज्या घरी आवतन, त्या घरची चूल पेटत नाई. गणितात हे नसते का?"

दीडशे माणसं जेवली. गंजाच्या बुडाशी चमचाभर भाजी उरली नाही. नानाजी हात धुऊन मास्तरांजवळ आले. "सोयरीक पक्की. असा नेमका हिशोब मी जन्मात पाह्यला नाई," ते म्हणाले. मास्तरांनी मान खाली घातली. बायकोकडे पाहायची त्यांना हिंमत झाली नाही.

सोमवारी वर्गात त्यांनी फळ्यावर उदाहरण लिहिलं. सहा माणसांना एक मूठ तिखट, तर साठ माणसांना किती? जरा थांबून त्यांनी खाली एक ओळ वाढवली, 'मूठ घरच्या बाईची धरावी. माणसं तिलाच विचारून मोजावीत.'