एका टाळीत हॉल पसंत

रिकाम्या खोलीत एकच टाळी वाजवावी आणि गप्प राहावं. खोली स्वतःबद्दल सगळं सांगते.

टेबलक्लॉथ दोनशे चाळीस. पैकी डाग पडलेले अकरा.

"बाबा, हॉलचे फोटो पाठवा. मत मी नंतर विचारीन."

ऐकू आलं नाही की लोक "काय?" म्हणतात. आमची ही "अगदी, अगदी" म्हणते.

शनिवारची सुट्टी बंद झाली म्हणून दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. सुरुवात मी केली.

हे तुकडे एकमेकांशी भांडून वेगळे राहायला गेल्यासारखे वाटतील, पण सगळं घडलं एकाच दिवसात, एकाच तळ्याच्या काठी. सकाळी घरातून निघताना माझ्या डोक्यात तर सगळं इस्त्री केल्यासारखं होतं. मी हिला म्हणालो, "तीन हॉटेलं, तीन टाळ्या! बारा वाजता हॉल पसंत, एक वाजता जेवण, चारच्या आत घरी!"

ही म्हणाली, "पाण्याची बाटली घेतलीत का?"

घेतली नव्हती.

तर, धाकटीचं लग्न. आपल्या गावात बरे हॉल असताना दोन तास गाडी चालवून दुसऱ्याच्या गावात जायचं, याला डेस्टिनेशन वेडिंग म्हणतात. सकाळी लग्न आणि त्यावर ब्रंच. ब्रंच म्हणजे काय, हे मला तीनदा समजावून सांगण्यात आलं. माझ्या मते नाश्त्याला उशीर झाला म्हणून यजमानाला कुणी बोलू नये, यासाठी काढलेली ती पळवाट आहे. ब्रंचच्या वेळी धाकटी चार शब्द बोलणार होती. हे चार शब्द लक्षात ठेवा. मी तेवढ्याचसाठी गाडी काढली होती.

धाकटीला कामावरून रजा नव्हती, म्हणून हॉटेलं बघायची कामगिरी आम्हा तिघांवर आली. मी, म्हणजे स्टुडिओत एकतीस वर्षं आवाज रेकॉर्ड करून निवृत्त झालेला माणूस. आमची ही, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून आयुष्य काढलेली बाई. आणि विहीणबाई. त्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांना कुजबुजता येत नाही. नोकरीत कधी गरजच पडली नसावी!

पहिलं हॉटेल. हॉलला तीन बाजूंनी काच आणि काचेपलीकडे तळं, असं निळंशार की फोटोतसुद्धा खोटं वाटावं.

"वा!" विहीणबाई म्हणाल्या. त्या एकदाच म्हणाल्या. उरलेले दोन "वा" काचेने म्हटले.

मी हॉलच्या मध्ये उभा राहिलो, घड्याळ काढलं आणि टाळी वाजवली. टाळी काचेवर गेली, छतावर गेली, तळ्याचा फेरफटका मारून आल्यासारखी परत आली. साडेतीन सेकंद! तेवढ्यात माणूस आपलं म्हणणं बदलू शकतो.

"नको," मी म्हणालो.

"का हो, व्याही?"

"काच फार आहे. पुसायला त्रास."

"आपल्याला पुसायचीय का ती?"

मी हिच्याकडे पाहिलं. ती तळ्याकडे बघून छान हसत होती.

दुसरं हॉटेल. संगमरवरी जमीन, संगमरवरी खांब, छत इतकं उंच की झुंबर पाहताना मान अवघडावी. टाळी. चार सेकंद आणि वर थोडी शिल्लक!

"नको."

"आता काय?"

"जिने," मी म्हणालो. तोंडाला येईल ते बोलत होतो.

"जिने? अहो, हॉल तळमजल्यावर आहे! एकही जिना नाही!"

"तेच म्हणतोय. जिनाच नाही, तर फोटो कुठे काढायचे?"

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मग विहीणबाईंकडे सहानुभूतीने पाहिलं. मग दोघांनी मिळून हिच्याकडे पाहिलं आणि ही म्हणाली, "अगदी, अगदी."

विहीणबाई लॉबीच्या कोपऱ्यात गेल्या, धाकटीला फोन लावला आणि तोंडावर हात ठेवून त्यांच्या मते हळूच म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना हॉल नापसंत नाहीयेत गं, लग्नच नापसंत आहे!"

रिसेप्शनवरच्या मुलीने मान वर केली. सामान उचलणारा थांबला. सोफ्यावर पेपर वाचणाऱ्या गृहस्थांनी पेपर खाली घेतला. अख्ख्या लॉबीने ऐकलं. एक व्यक्ती सोडून.

आता सांगतो. खरं तर सांगायचं नव्हतं. शब्द दिला होता.

हिला तीन वर्षांपासून कमी ऐकू येतं. कानात मशीन आहे आणि ते केसांखाली असतं. घरात, शांत खोलीत, समोरासमोर सगळं ठीक चालतं. फोनवर तर उत्तम, कारण फोनचा आवाज थेट मशीनमध्ये येतो. म्हणून मुलांना पत्ता नाही. पण घुमणाऱ्या हॉलमध्ये ते मशीन चमचे, खुर्च्या, बांगड्या आणि माणसं सगळं एकत्र कुटून कानात ओततं. त्यातून शब्द निवडणं म्हणजे पावसाच्या आवाजातून एक थेंब ओळखणं. थोरल्याच्या लग्नात ही सात तास हसत होती. लोक म्हणाले, किती समाधानी आई! समाधान कसलं? थोरला माइकवर आईबद्दल बोलला आणि तिला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. जिच्या कानांवर अख्ख्या शहराचे फोन जोडले जायचे, तिने दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "तो काय म्हणाला?" आणि त्यावर लगेच, "कुणाला सांगू नका हं. शप्पथ."

म्हणून मी टाळ्या वाजवत होतो. धाकटीचे चार शब्द हिच्या कानात शब्द म्हणून पोचायला हवे होते. हॉल एका सेकंदात गप्प बसणारा हवा होता. आणि कारण सांगायची सोय नव्हती.

आपण एखाद्याला हसरा म्हणतो, तेव्हा त्याला ऐकू येतंय का, हे विचारायला हवं. असो. गाडीत हा विचार मला सुचला होता, पण विहीणबाई मागच्या सीटवर इतक्या मोठ्याने गप्प होत्या की पुढे सुचेना.

तिसरं हॉटेल. बाहेरून साधं, आतून बरं. मॅनेजर म्हणाला, "सर, अर्धा हॉल रिकामा आहे, तो बघा. उरलेल्या अर्ध्यात एका कंपनीची मीटिंग चालू आहे." मध्ये सरकती लाकडी भिंत. पायाखाली गालिचा! खुर्च्यांना गाद्या! माझे हात शिवशिवू लागले.

"सर, जरा हळू..." मॅनेजर म्हणेपर्यंत मी वाजवली.

भिंतीपलीकडे त्याच क्षणी कंपनीचे साहेब सांगत होते की पुढच्या महिन्यापासून शनिवारीही ऑफिस चालू राहील. तिथे अशी शांतता होती की लोक श्वास घ्यायलाही परवानगी मागतील. त्या शांततेत मागून माझी टाळी आली. दणदणीत! मागच्या रांगेला वाटलं, पुढच्यांनी वाजवली. पुढच्या रांगेला वाटलं, मागच्यांनी वाजवली. आपणच राहिलो की काय, या भीतीने दोनशे माणसं कडाडून टाळ्या वाजवू लागली!

लाकडी भिंत सरकली. साहेब स्वतः आले. डोळ्यांत पाणी.

"पहिली टाळी कुणाची?"

मॅनेजरने माझ्याकडे बोट दाखवलं. आयुष्यात इतक्या तत्परतेने मला कुणी ओळखलेलं नाही.

"तुमच्यासारखी माणसं कंपनीला हवीत!" साहेब माझा हात दाबत म्हणाले. "कुठल्या विभागात?"

"मी... मुलीकडचा," मी म्हणालो.

त्यांनी ते ऐकलंच नाही. आम्हाला ओढत त्यांच्या ब्रंचला नेलं. दोनशे माणसं प्लेट हातात घेऊन माझ्याकडे असं बघत होती, जणू त्यांचा शनिवार माझ्या खिशात आहे. एकाने मला सॉस दिला नाही. एकीने जाता जाता म्हटलं, "काका, घरी बसायचं ना!"

चारशे काटे-चमचे वाजत होते. आणि त्या गदारोळात विहीणबाईंनी हिला सरळ विचारलं, "ताई, खरं सांगा. तुमच्या ह्यांना हे लग्न मोडायचंय ना?"

मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होतो. ही हसलेली मला दिसली. ओठ हललेले दिसले. दोनदा.

पाचव्या मिनिटाला माझा फोन वाजला.

"बाबा," धाकटी म्हणाली. आवाज कोरडा होता. "आईपण हो म्हणाली. मला आधी का नाही सांगितलंत? आम्ही लग्न पुढे ढकलतो. तुमच्या मनाविरुद्ध मला उभं राहायचं नाहीये."

एकतीस वर्षं मी लोकांचे आवाज ऐकले. रडण्याआधी आवाज कसा सपाट होतो, ते मला मीटर न बघता कळतं. शपथ मोडावी, तर ही दुखावणार. पाळावी, तर लग्नच मोडतंय! मी फोन छातीशी धरून हिच्याकडे गेलो, तिचा हात धरला आणि दिसेल ते पहिलं दार उघडून आत घुसलो.

ती कोठीची खोली होती. भिंतींना फळ्या, फळ्यांवर टेबलक्लॉथ, चादरी, जाड पडदे, गाद्या. दार लागलं आणि जग बंद झालं. मी इतकी शांत खोली स्टुडिओतसुद्धा पाहिली नव्हती. टाळी वाजवली असती, तर हातातच राहिली असती.

"झालंय काय?" ही म्हणाली. "तुमचा चेहरा असा का झालाय?"

मी सांगितलं. भिंत, टाळी, विहीणबाईंचा प्रश्न, तिचं "अगदी, अगदी", धाकटीचा फोन. ती चादरींच्या गठ्ठ्यावर बसली.

"म्हणजे सकाळपासून तुम्ही माझ्यासाठी वेड्यासारखे वागताय?"

"थोडंसं."

"जिना पाहिजे, म्हणालात. ते मला दिसलं होतं. ओठ वाचले मी. मला वाटलं, वय झालं."

मग तिने माझ्या हातातून फोन घेतला, केस कानामागे सारले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "बाळा, लग्न पुढे ढकलायचं नाही. तुझ्या सासूबाईंनी मला काय विचारलं, ते मला ऐकूच आलं नव्हतं. गर्दीत मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली."

मी कान फोनजवळ नेला.

"दादाच्या लग्नातपण?"

"तेव्हाही."

"आई, मग मी बोललेलं तू..."

"ऐकणार. तुझे बाबा हॉल शोधतायत ना, टाळ्या वाजवत."

दार धाडकन उघडलं. विहीणबाई! "मी काही चुकीचं बोलले का?" त्या म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. त्या खोलीत त्यांचा आवाज पहिल्यांदा माणसाएवढा झाला होता. हिने त्यांना शेजारी बसवलं आणि कानातलं मशीन काढून तळहातावर ठेवून दाखवलं. विहीणबाईंनी चष्मा लावून पाहिलं. मशीन परत कानात जाईपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "आधी सांगायचं ना, ताई."

"सांगितलं असतं, तर तुम्ही अख्ख्या लॉबीला सांगितलं असतं."

विहीणबाई विचारात पडल्या. "हो," त्या म्हणाल्या. "सांगितलं असतं."

आणि मग दोघी हसल्या. हसू कशाचं होतं, हे तेव्हा दोघींनाही माहीत होतं.

तेवढ्यात मॅनेजर धावत आला. मी त्याला म्हणालो, "हीच खोली हवी! ऐंशी माणसं बसतील?"

"सर, ही स्टोअररूम आहे! इथे बारा माणसं उभी राहिली, तरी एकाला फळीवर ठेवावं लागेल!"

इथे मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या. "मोजा. टेबलक्लॉथ किती? दोनशे चाळीस? डागवाले वेगळे काढा. हे पडदे इथे काय करतायत?"

"मॅडम, ते थंडीतले पडदे आहेत."

"मग थंडी आहे असं समजा. सगळे हॉलमध्ये लावा. टेबलांवर दुहेरी कापड. आणि ती लाकडी भिंत बंदच राहील, पलीकडचा हॉलही आम्हीच घेऊ. पलीकडे कुणी मीटिंग घेतलेली मला चालणार नाही!"

तासाभरात पडदे लागले. मी हॉलच्या मध्ये गेलो, घड्याळ काढलं, हात उचलले.

"काका, नको!" लाकडी भिंतीच्या फटीतून बघणारं कुणीतरी कळवळून ओरडलं. "आता रविवार तेवढा राहिलाय!"

मग टाळी हिनेच वाजवली. हळूच, बोटांनी. घड्याळाकडे मी बघितलं नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ती डोळे मिटून ऐकत होती. टाळी कुठे संपली, ते तिला ऐकू आलं, हे मला दिसलं.

"घ्या हाच," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर विहीणबाई मागे झोपल्या. चारच्या आत घरी पोचायचं होतं, सात वाजले.

लग्नात धाकटी एकूण चार वाक्यं बोलली. त्यातलं तिसरं मला हिनेच नंतर सांगितलं, कारण तेव्हा मी पडद्यामागे एका पंख्याची घरघर बंद करायला गेलो होतो.