गेटबाहेरचं गाणं

"यात एक दोरी कमी आहे," अभय मेश्राम म्हणाला.

"कमी नाही. तू तिच्यावर उभा आहेस," मैत्री म्हणाली.

अभयने पाय उचलला. मुळशीच्या वाटेवरच्या त्या माळावर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं आणि दोन दिवसांच्या संगीत महोत्सवाला आलेल्यांचे तंबू एकेक करून उभे राहत होते. अभयचा तंबू मात्र बसून होता. कोथरूडहून निघताना त्याने बायकोला दोन शब्द दिले होते: तंबू मी ठोकीन, आणि शनिवार-रविवार ऑफिसचा फोन घेणार नाही. हिंजवडीच्या ऑफिसातून येणाऱ्या कॉलच्या वेळी त्यांच्या घरात कुकरलासुद्धा शिट्टी मारायची परवानगी नसे. लग्नानंतर सुरुवातीला मैत्री कामं करताना गुणगुणायची. ते कधी बंद पडलं, हे अभयला सांगता आलं नसतं.

जमीन दगडासारखी होती. खुंटी वाकली, दुसरी ठोकताना दोरी तुटली, आणि तेवढ्यात वारा सुटून तंबू फुगला. अभयने मनगटावरचा प्रवेशाचा कापडी बँड कापला आणि त्यानेच तुटलेली दोरी सांधली. तंबू उभा राहिला.

"इंजिनिअर शेवटी इंजिनिअर असतो," तो म्हणाला.

"सहाला छोट्या स्टेजपाशी ये," मैत्री म्हणाली. "उशीर करू नकोस."

"काय आहे?"

"आलास की कळेल."

साडेपाचला अभय गाडीतली पाण्याची बाटली आणायला म्हणून बाहेर पडला. माळावर मोबाईलला रेंज नव्हती. पार्किंगमध्ये होती, हे त्याने सकाळीच हेरून ठेवलं होतं. ऑफिसात आज नवी सिस्टीम सुरू होणार होती. पाच मिनिटांत विचारून येऊ, असा त्याचा हिशेब. सिस्टीम सुरू झाली नव्हती. अभय बोलत राहिला, ओरडत राहिला, आणि शेवटी फोनची बॅटरीच संपली. तो धावत गेटवर आला.

"बँड?" गेटवरच्या रंगरावांनी विचारलं.

"तंबूला बांधलाय."

रंगरावांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग तंबूला सोडतो आत. तुमी थांबा."

"अहो, माझी बायको आत आहे!"

"समद्यांच्याच हायेत. बँडवाला चा प्यायला गेलाय. आला की नवीन देईल."

अभय कठड्याला टेकून उभा राहिला. तेवढ्यात आतल्या कर्ण्यातून एका बाईचा आवाज आला. वाद्यं नव्हती. धानाच्या रोवणीचं, म्हणजे भातलावणीचं गाणं होतं, संथ, चिखलात पाय रुतत पुढे सरकावं तसं. गेटवरची गडबड आपोआप थांबली. अभय बँडवाल्याची वाट बघायचंही विसरला.

"लय ग्वाड गळा हाय," रंगराव म्हणाले.

"आमच्याकडचं गाणं आहे हे, भंडाऱ्याचं," अभय अभिमानाने म्हणाला. "माझी सासुरवाडी तिकडचीच."

"मग वळखीच्या असतील बाई."

"छे! एवढं चांगलं गाणारं आमच्या सासुरवाडीत कोणी नाही."

गाणं संपलं, टाळ्या संपल्या, मग बँडवाला आला. अभय छोट्या स्टेजपाशी पोचला तेव्हा शेजारच्या तंबूतली चैताली त्याच्याकडे पळत आली. "काय गायल्या काकू! फुल गूजबम्प्स!"

"कोण काकू?"

"तुमच्या मिसेस!"

मैत्री बाकावर बसली होती. चेहरा अजून लाल होता. "ऐकलंस?"

"ऐकलं ना. गेटवर अडकलो होतो, पण सगळं ऐकलं."

"आवाज ओळखलास?"

"लगेच," अभय म्हणाला.

ती हसली. इतकी मोकळी हसली, की आता खरं सांगायची सोय उरली नाही. ती सोय रंगरावांनी केली. ड्युटी संपवून ते चहाला आले आणि मैत्रीसमोर हात जोडून उभे राहिले.

"बाई, तुमीच गायल्या ना? हे सायेब तुमच्या गावाकडचे पावणे हायेत. पर म्हनत व्हते, येवढं चांगलं गानारं त्यांच्या सासुरवाडीत कोनी न्हाई."

मैत्रीने अभयकडे पाहिलं नाही. "चहा घेतलात का, काका?" एवढंच तिने विचारलं.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. रविवारी अभय दिवसभर तिच्याजवळ पहिल्या रांगेत बसला. तिने प्रत्येक गाण्याला टाळ्या वाजवल्या, त्याला सरबत आणून दिलं, तंबूची घडीसुद्धा घालू लागली.

परतताना चांदणी चौकात गाड्या तुंबल्या. अभयने गाडीतला रेडिओ बंद केला.

"मैत्री, ते गाणं म्हण ना. एकदाच. फक्त माझ्यासाठी."

ती खिडकीबाहेर बघत होती. मग तिने घसा साफ केला. अभयने श्वास रोखला.

"पुढची गाडी गेली," ती म्हणाली. "चल."